विश्लेषण : २०२५चा मान्सून मुंबईत ‘सर्वात लवकर’ आला, पण कधीपासून मोजून?

२६ मे २०२५ रोजी मान्सून मुंबईत दाखल झाल्याचे भारतीय हवामान विभागाने जाहीर केले. मुंबईतील आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून. म्हणजे पाऊस १६ दिवस आधी आला. त्याआधीचा विक्रम २९ मे या तारखेचा होता आणि तो १९५६, १९६२ आणि १९७१ अशा तीन वर्षी नोंदला गेला होता. त्याच दिवशी कुलाबा वेधशाळेत मे महिन्यातील पावसाचा १९१८ पासूनचा २७९.४ मिलिमीटरचा विक्रमही मोडला. ‘इतिहासातील सर्वात लवकर मान्सून’ अशा बातम्या झळकल्या. मात्र आगमनाच्या तारखेचा हा विक्रम १९५० नंतरच्या नोंदींपुरता होता. त्याआधी काय घडत होते? जुनी वर्तमानपत्रे, रोजनिशा आणि कंपनी सरकारचे कागद तपासून याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. त्यातून मिळालेली माहिती आजच्या हवामान बदलाच्या चर्चेसाठी महत्त्वाची आहे.

जुन्या कागदांत काय सापडले?

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील जॉर्ज अॅडमसन आणि ब्रायटन विद्यापीठातील डेव्हिड नॅश या भूगोल अभ्यासकांनी २०१३ मध्ये पश्चिम भारतातील मान्सूनच्या आगमनाच्या तारखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्रांनी मोजलेल्या पावसावरून या भागातील आगमनाच्या तारखा १८७९ पासूनच काढता येत होत्या. या दोघांनी १७८१ ते १८७८ या काळातील तारखा कागदपत्रे आणि नव्याने हाती आलेल्या जुन्या मोजमापांवरून ठरवल्या. त्यामुळे ही मालिका ९७ वर्षांनी मागे गेली.

या काळात मुंबई परिसरातील आगमनाची सरासरी तारीख १० जून निघाली. विसाव्या शतकातील सरासरीशी ती जुळते. सर्वात उशिराचे आगमन १८२५ मध्ये, २२ जूनला झाले. सर्वात लवकरचे आगमन १८०२ आणि १८३९ या दोन वर्षी, २३ मे रोजी झाले. ही तारीख २०२५च्या विक्रमापेक्षाही तीन दिवस आधीची आहे.

अर्थात दोन्ही तारखा एकाच मापाने मोजलेल्या नाहीत. आज आगमन जाहीर करताना ठरावीक केंद्रांवरचा पाऊस, वाऱ्याची दिशा व वेग आणि उपग्रहाने टिपलेली ढगांची स्थिती पाहिली जाते. दोनशे वर्षांपूर्वीची तारीख माणसांनी लिहिलेल्या नोंदींवरून ठरते. त्यामुळे ‘१८०२ने २०२५चा विक्रम मोडला’ असे म्हणणे योग्य नाही. मात्र मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात मुंबईत मान्सून येणे पूर्वी कधीच घडले नव्हते, असेही म्हणता येत नाही.

पर्जन्यमापक नसताना पाऊस कसा कळतो?

मुंबईत पावसाची मोजणी तशी जुनी आहे. शहरातील पावसाचे आकडे १८१७ पासून मिळतात. कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली आणि तेथे १८४१ पासून हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. हवामान विभागाची स्थापना १८७५ची. संपूर्ण देशाच्या मान्सूनची प्रमाणित मालिका १८७१ पासून सुरू होते. त्याआधीच्या काळासाठी इतर पुराव्यांवर अवलंबून राहावे लागते.

झाडांच्या खोडातील वाढीची वलये, गुहांमधील चुनखडीचे लवणस्तंभ, तलावांतील गाळ हे निसर्गाचे पुरावे. केरळमधील सागाच्या वलयांवरून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाचशेहून अधिक वर्षांचा अंदाज बांधला आहे. छत्तीसगडमधील दंडक गुहेतील लवणस्तंभांनी त्याहून मागचा काळ उलगडला. हे पुरावे शेकडो वर्षांचा हिशेब देतात, पण पाऊस कोणत्या तारखेला सुरू झाला, मध्ये किती दिवसांची उघडीप पडली हे सांगत नाहीत. ते काम लिखित कागदच करतात.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील पश्चिम भारतात असे कागद विपुल होते. मुंबईत १७९० च्या सुमारास इंग्रजी वर्तमानपत्रे निघू लागली होती आणि पावसाळ्याची सुरुवात ही त्यांच्यासाठी बातमी असे. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी महसुलाच्या काळजीने जिल्ह्याजिल्ह्यांतून पीक-पाण्याची पत्रे लिहीत. मिशनरी आपल्या मुख्य कार्यालयाला अहवाल पाठवत. काही खासगी व्यक्ती रोजनिशीत हवेचा उल्लेख न चुकता करत. जहाजांवरच्या नोंदवह्यांत तर वाऱ्याची दिशा आणि जोर दिवसातून अनेकदा लिहिला जाई, कारण शिडाच्या जहाजाचे सारे गणित त्यावरच असे.

मुळात ‘मान्सून’ हा शब्दही जहाजांच्या वेळापत्रकातून आला आहे. अरबी ‘मौसिम’वरून पोर्तुगीज ‘मोंसांव’ आणि त्यावरून इंग्रजी ‘मान्सून’. मराठीतील ‘मोसम’चे मूळही तेच. गोव्याच्या पुराभिलेखागारातील लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराची ग्रंथमालिका आजही ‘मोंसांव’च्या नावानेच ओळखली जाते, कारण ती पत्रे मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या ताफ्यांबरोबर येत-जात.

शब्दांचे आकडे कसे केले जातात?

‘यंदा पाऊस बरा झाला’ या वाक्याचे मिलिमीटर करता येत नाहीत. म्हणून हवामानाचे इतिहासकार पायऱ्यांचे कोष्टक वापरतात. एखाद्या हंगामाबद्दलचे सर्व उल्लेख एकत्र करून त्या वर्षाला खूप कोरडे, कोरडे, सर्वसाधारण, ओले, खूप ओले अशा पायऱ्यांपैकी एक दिली जाते. युरोपात स्विस इतिहासकार क्रिस्तियान फिस्टर यांनी रूढ केलेली पद्धत याच धाटणीची आहे.

यात तीन काळज्या घ्याव्या लागतात. पहिली, एका उल्लेखावर विसंबायचे नाही. वर्तमानपत्र, सरकारी पत्र आणि रोजनिशी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तेच सांगत असतील तर विश्वास वाढतो. एकाच पत्रावरून दुसऱ्याने उतरवून घेतले असेल, तर ते दोन पुरावे धरता येत नाहीत.

दुसरी, लिहिणारा कोण आणि तो कशासाठी लिहितो आहे हे पाहायचे. विलायतेहून नुकत्याच आलेल्या माणसाला मुंबईचा साधा जूनही प्रलयासारखा वाटतो. वीस वर्षे राहिलेला माणूस तोच पाऊस दोन शब्दांत संपवतो. महसुलात सूट मागणारा पीक वाईट असल्याचे सांगतो, तर वसुली दाखवायची असलेला अधिकारी ते बरे असल्याचे लिहितो.

तिसरी काळजी पडताळणीची. ज्या वर्षांचे कागदही आहेत आणि पर्जन्यमापकाचे आकडेही आहेत, त्या वर्षांसाठी दोन्ही ताडून पाहायचे. शब्दांवरून ‘कोरडे’ ठरलेले वर्ष मापकातही कोरडे निघत असेल, तरच त्याआधीच्या वर्षांचे निष्कर्ष ग्राह्य धरायचे. मुंबईसारख्या ठिकाणी अशी सामायिक वर्षे उपलब्ध आहेत, हे या अभ्यासाचे बलस्थान.

१७८१ ते १८६० दरम्यान पाऊस कसा होता?

अॅडमसन आणि नॅश यांनी २०१४ मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुंबई, पुणे आणि खंबायतच्या आखाताला लागून असलेला गुजरात अशा तीन भागांच्या स्वतंत्र मालिका तयार करून त्यांची एक एकत्रित मालिका केली. कागदपत्रांच्या आधारे मान्सूनच्या पावसाची अशी मालिका उभारण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता.

तीत कमी पावसाचे चार टप्पे दिसतात: १७८०-१७८५, १७९९-१८०६, १८३०-१८३८ आणि १८४५-१८५७. सरासरीपेक्षा जास्त पावसाचे टप्पे तीन: १७८८-१७९४, १८१३-१८२८ आणि १८३९-१८४४. केरळमधील झाडांच्या वलयांवरून काढलेल्या दुष्काळाच्या मालिकेशी हे चित्र चांगले जुळते. आशियाभरच्या वृक्षवलयांवरून केलेल्या दुष्काळाच्या नकाशातील पश्चिम भारताच्या भागाशी मात्र ते तितकेसे जुळत नाही.

या टप्प्यांवरून एक गोष्ट ठळक होते. मान्सून दर वर्षी सुटासुटा वागत नाही. कमी पावसाची वर्षे अनेकदा सलग येतात. १८४५-१८५७ हा टप्पा तेरा वर्षांचा होता. मध्ये एखाददुसरे वर्ष बरे गेले, तरी एकूण कल तुटीचाच राहिला. पाण्याचे नियोजन एका वाईट वर्षाच्या हिशेबाने करायचे की तेरा वर्षांच्या, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

लवकर आलेला पाऊस चांगला ठरतो का?

तसे गृहीत धरता येत नाही. १८०२ आणि १८३९ या दोन्ही वर्षी पाऊस २३ मेला आला. पण १८०२ हे वर्ष कमी पावसाच्या टप्प्याच्या मध्यात येते, तर १८३९ पासून चांगल्या पावसाचा टप्पा सुरू होतो.

यंत्राने मोजलेल्या काळातही हेच दिसते. केरळमध्ये मान्सून सर्वात लवकर आला तो १९१८ मध्ये, ११ मे रोजी. मुंबईत मे महिन्याच्या पावसाचा जो विक्रम २०२५ मध्ये मोडला तोही १९१८चाच. त्या वर्षी पुढे देशभरात पावसाची तूट सुमारे एक चतुर्थांश राहिली आणि १९१८ची गणना आजही सर्वात कोरड्या वर्षांत होते. उलट २०२५ मध्ये देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्याला पुराने झोडपले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे. २०२५ मध्ये मुंबईत आलेला मान्सून पुढे जूनच्या मध्यापर्यंत जवळपास जागीच थबकला होता. पेरणीची घाई करू नका, असे कृषी विभागाला सांगावे लागले. आगमनाच्या बातमीवर पेरणी केली आणि उघडीप पडली, तर दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे आणि खताचा खर्च दोनदा करावा लागतो. जुन्या नोंदी हाच धडा दोनशे वर्षांच्या अंतरावरून देतात.

दुष्काळ म्हणजे नेहमी पावसाची तूट असते का?

जुने कागद वाचताना सर्वात मोठी चूक येथे होऊ शकते. कागदात ‘दुष्काळ’ लिहिलेले असते आणि वाचणारा ‘अवर्षण’ समजतो.

१८०२ ते १८०४ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पावसाने दगा दिला हे खरे. पण त्याच काळात मराठा सरदारांतील संघर्ष टोकाला पोचला होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. फौजांच्या आणि पेंढाऱ्यांच्या लुटीत उभी पिके, साठवलेले धान्य आणि जनावरे गेली. त्यामुळे केवळ भुकेच्या वर्णनांवरून त्या वर्षीच्या पावसाची तूट ठरवली, तर ती प्रत्यक्षापेक्षा जास्त भरण्याची शक्यता असते.

याच्या उलट उदाहरणही आहे. १७८८-१७९४ हा टप्पा या मालिकेत सरासरीपेक्षा जास्त पावसाचा आहे. मात्र १७९०-९२ च्या सुमारास दक्षिण मराठा प्रदेश, हैदराबाद, गुजरात अशा विस्तीर्ण भागात पडलेला दुष्काळ ‘कवट्यांचा दुष्काळ’ म्हणून ओळखला जातो, कारण मेलेल्यांची हाडे उघड्यावर पडून राहिली होती. सात वर्षांची सरासरी चांगली असली, तरी त्यातील एक-दोन हंगाम जीवघेणे ठरू शकतात. सरासरीच्या आकड्यात ही वर्षे लपून जातात.

म्हणूनच अभ्यासक धान्याचे भाव, स्थलांतर किंवा उपासमार यांच्या उल्लेखांपेक्षा पाऊस, वारा, नद्या, विहिरी आणि तळी यांच्या थेट उल्लेखांना अधिक वजन देतात.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा जागेची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. त्या दिवशी फक्त कुलाब्याला राहणाऱ्याची रोजनिशी शिल्लक राहिली असती, तर दोनशे वर्षांनंतरच्या वाचकाला तो मुंबईतला पावसाळ्यातील एक साधा दिवस वाटला असता.

दुसरी मर्यादा लिहिणाऱ्यांची. वापरलेले बहुतेक कागद इंग्रजीतील आहेत आणि ते मुंबई, पुणे, सुरत अशा सत्तेच्या व व्यापाराच्या केंद्रांभोवती लिहिले गेले. माण, आटपाडी, बीड किंवा धाराशिवकडची कोरडवाहू शेती त्यांत क्वचितच दिसते. ज्यांचे आयुष्य पावसावर सर्वाधिक अवलंबून होते, त्यांचाच आवाज त्यांत सर्वात क्षीण आहे.

तिसरी मर्यादा माणसाच्या सवयीची. लोक वेगळे काही घडले की लिहितात. नेहमीचे घडले की गप्प राहतात. त्यामुळे मौनाचा अर्थ ‘सर्व काही ठीक’ असा घ्यायचा, की कागद हरवला असा, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

मोडी कागदांत आणखी काय दडले आहे?

ही मराठी कागदांची बाजू अजून बरीचशी अस्पर्श आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, पण तो मूळ साठ्याचा लहानसा भाग आहे. गावाच्या वसुलीत दिलेली सूट, तहकूब केलेला सारा, बी-बियाण्यासाठी दिलेली तगाई या साऱ्यांच्या नोंदी हिशेबी कागदांत असतात. वर्तमानपत्रे पोहोचली नव्हती अशा परगण्यांचा हंगाम त्यांतून कळू शकतो. मात्र सूट पावसामुळे दिली की फौज गेल्यामुळे, हे येथेही तपासावेच लागेल.

या कागदांची कालगणना समजून घेणेही गरजेचे आहे. मराठेशाहीत वापरला जाणारा शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या आरंभी बदलत असे. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत. सरकारी वर्षच पावसाच्या अपेक्षेने सुरू होई. त्यामुळे शुहूर सनाचे एक वर्ष इसवी सनाच्या दोन वर्षांत विभागले जाते आणि रूपांतर करताना एका वर्षाची चूक सहज होते. शिवाय नक्षत्रांच्या तारखा इंग्रजी दिनदर्शिकेच्या तुलनेत हळूहळू पुढे सरकतात. दोनशे वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा काही दिवस आधी लागत असे. ‘मृगाचा पाऊस वेळेवर पडला’ या नोंदीचे तारखेत रूपांतर करताना हा फरक धरावा लागतो.

सर्वात मोठी अडचण वाचकांची आहे. मोडी सफाईने वाचणारे थोडे आणि कागद अफाट. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीने मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रारूप जाहीर केले. अशी साधने पुरेशी अचूक झाली, तर पाऊस, सूट, तहकूब असे शब्द असलेले कागद वेगळे काढण्याचे काम सोपे होईल. अर्थ लावण्यासाठी मोडी आणि महसूल पद्धत जाणणारा माणूस तरीही लागेलच.

जगात असे प्रयोग कुठे झाले?

जपानमधील क्योतो येथे चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी सुमारे बाराशे वर्षांच्या मिळतात. २०२१ मध्ये तेथे २६ मार्चला पूर्ण बहर आला आणि ती तारीख या साऱ्या नोंदींतील सर्वात लवकरची मानली गेली. स्पेनमध्ये पावसासाठी चर्चने घडवून आणलेल्या प्रार्थनांच्या नोंदींवरून दुष्काळाची तीव्रता काढली गेली आहे. चीनमध्ये छिंग राजवटीचे अधिकारी पाऊस जमिनीत किती खोल मुरला याचे अहवाल सम्राटाला पाठवत. ते आज हवामानशास्त्राचे साधन बनले आहेत. यांतील एकही नोंद हवामानाच्या अभ्यासासाठी लिहिलेली नव्हती.

आजच्या हवामान बदलाशी याचा काय संबंध?

१८०२ मध्येही पाऊस २३ मेला आला होता, मग हवामान बदलाचा गाजावाजा कशाला, असा युक्तिवाद कोणी करू शकेल. पण ज्या अभ्यासातून ही तारीख मिळते, त्याचाच मुख्य निष्कर्ष वेगळा आहे. १७८१ पासून १९५५ पर्यंत मुंबईतील आगमनाच्या स्वरूपात फारसा बदल झाला नाही. त्यानंतर मात्र आगमन एकंदरीत उशिरा होऊ लागले, आणि असा बदल २३० वर्षांच्या या मालिकेत दुसरीकडे कुठेही दिसत नाही. २०२० मध्ये हवामान विभागानेही मुंबईची सर्वसाधारण तारीख १० जूनवरून ११ जून केली. २०२५ सारखे एखादे वर्ष हा कल सिद्धही करत नाही आणि खोडूनही काढत नाही. एकट्या वर्षाची टोके पूर्वीही होती. बदल शोधायचा तो अनेक दशकांच्या सरासरीत.

दुसरा संबंध अंदाजांचा. एल निनो आणि भारतीय मान्सून यांचे नाते पूर्वीसारखे घट्ट राहिले नाही, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले होते. १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला होता. कागदपत्रांवरील मालिकेत हे नाते १८व्या-१९व्या शतकातही कधी घट्ट, कधी सैल होताना दिसते. म्हणजे त्यातील काही चढउतार नैसर्गिक असू शकतात. त्यामागे ज्वालामुखींच्या उद्रेकांचा हात असावा, अशीही एक शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे. खात्रीसाठी अशा आणखी मालिका लागतील.

तिसरा संबंध पैशाचा आणि सुरक्षिततेचा. लहान धरणांचे सांडवे, पुलांची उंची ही अनेकदा ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पावसाच्या हिशेबाने ठरते. बहुतेक ठिकाणी नोंदीच शंभर वर्षांच्या नाहीत. लहान मालिकेवरून काढलेला शतकाचा अंदाज कच्चा राहतो. पीकविम्याचे निकष आणि दुष्काळ जाहीर करण्याच्या अटीही ‘सर्वसाधारण’ पावसाच्या कल्पनेवरच उभ्या असतात, आणि ते सर्वसाधारण कोणत्या तीस-पन्नास वर्षांवरून काढले यावर मदत मिळणार की नाही हे ठरते.

त्यामुळे जुनी दप्तरे जपण्याचे काम केवळ इतिहासप्रेमींपुरते उरत नाही. वाळवी लागलेल्या रुमालात एखाद्या तालुक्याच्या सलग वीस हंगामांचा पुरावा असू शकतो आणि तो दुसऱ्या कुठल्याही उपग्रहाकडून मिळणार नाही. ‘विक्रमी पाऊस’ ही बातमी पुढच्या वेळी वाचताना विक्रमाचा आकडा जितका पाहायचा, तितकेच ती मोजणी कोणत्या वर्षापासून सुरू झाली हेही पाहायला हवे.